सुतक कळल्यापासून

कांदिवली
५ जानेवारी

जानके,

नाही, मी हाफ पँट घालणार नाही. अजून कुणी विचारलेलं नाही, पण विचारणार, कारण गंधालीने ती आणून माझ्या कपाटात ठेवलीय. पिवळी आहे आणि तिच्यावर नारळाची झाडं आहेत. लहानपणी मी नारळावर चढायचो, आता नारळ माझ्यावर चढणार.

सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर तू म्हणशील दादाचं डोकं फिरलं. प्रीतमने अंदमानची तिकिटं काढलीत. माझी पंचाहत्तरी म्हणून. मी मागितली नव्हती. चोवीस तारखेला विमान. एका बेटावर उतरायचं, बोटीने दुसऱ्या बेटावर जायचं, तिथून तिसऱ्या. मी म्हटलं, एकाच बेटावर बसलं तर काय बिघडतं? जान्हवी म्हणते, "आजोबा, त्याला आयलंड हॉपिंग म्हणतात. टुणटुण उड्या मारत जायचं." नातीला कॉलेजात घातली ती बेडूक व्हायला. सुनेने चौघांना एकसारखे टी शर्ट छापून घेतलेत. पाठीवर लिहिलंय, 'आजोबा पंचाहत्तर नॉट आऊट'. मी गंधालीला म्हटलं, असं पाठीवर लिहून फिरू नये गो, अंपायर मागेच उभा असतो. ती हसली. मी विनोद केला नव्हता.

पार्ल्याला बिस्किटाच्या कारखान्यात होतो तेव्हा वर्षातून एकदा गावी जायचो. एसटीत पाय मोडून बसायचं, उतरलं की समोर समुद्र, फुकट. आता समुद्र बघायला विमान आणि विमानाच्या आधी मॉल. किती ती तयारी. मी म्हणतो जायचं तर उठा आणि चला.

आणखी एक. समोरच्या विंगमधला शरच्चंद्र गेला, तो बँकवाला. त्याच्या पोराची दुबईची तिकिटं फुकट गेली, दहा दिवस घरात बसलाय. जेवताना प्रीतमने विचारलं, "बाबा, आपल्याकडे ऐन वेळी असं काही झालं तर?" मी म्हटलं, सुतक कळल्यापासून लागतं. कळलंच नाही तर काय लागत नाही. प्रीतम, तुझ्याच लग्नात मी काय केलं? गंधालीला ती गोष्ट माहीत नव्हती म्हणून पुन्हा सांगितली. तुला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी लग्न, आणि गावी खंडू गेला, म्हणून गावचा घाडी, देवाला गाऱ्हाणं घालणारा, सांगायला दारात. त्याचं तोंड बघूनच मी ओळखलं. चुलतभाऊ म्हणजे दहा दिवस, लग्न गेलंच असतं. मी त्याला म्हटलं, घाड्या, काय सांगायचं असेल ते लग्न उरकल्यावर सांग, आता आत ये आणि चहा पी. लग्नात जेवला, आहेर केला, मग सांगितलं. कुणाचं काही अडलं नाही. सगळे हसले. प्रीतम म्हणाला, "बाबा, मानलं तुम्हाला."

तुझं काय चाललंय ते लिही. फोन करू नको. मशीन कानात घातलं की फोन शिट्टी मारतो, काढलं की ऐकू येत नाही, मग प्रीतम बोलतो. तू अर्धा तास बोलतेस आणि तो मला ओरडून सांगतो, "आत्या बरी आहे." तेवढंच. पत्रच बरं. पत्र शिट्टी मारत नाही.

लवू

&nbsp;

मुलुंड
११ जानेवारी

दादा,

घाल की हाफ पँट. तुझे पाय बघायला कोण बसलंय तिथे? आणि सून हौसेने करते तर करू दे. तुला कुणी काही केलं नाही तरी तू कुरकुरतोस आणि केलं तरी कुरकुरतोस. आई म्हणायची, हा जन्मला तेव्हा पण रडला नाही, कुरकुरला.

माझं अक्षर वाकडं आहे कारण झोपून लिहितेय. उत्तराने पलंग खिडकीशी आणून लावलाय. खोकला आहे. डॉक्टर म्हणतो छातीत पाणी झालंय. मी म्हटलं, कोकणातल्या माणसाच्या छातीत पाणी नाही तर काय असणार? तो हसला नाही. उत्तरा ऑफिसला सुट्टी टाकून घरात बसलीय. मी म्हणते जा, तर जात नाही. तिन्ही वेळा पेज करते आणि मी ती प्यायले की नाही बघत उभी राहते, जशी मी तिच्यासमोर उभी राहायचे.

खंडूची गोष्ट तू पुन्हा गमतीने लिहिलीस. मला त्यात गंमत वाटत नाही, तेव्हाही वाटली नव्हती. ओळखलं म्हणतोस ना? ओळखलं म्हणजे कळलंच की रे. पण तुला कुणी बोलायचं नाही. मी त्या लग्नात दोनदा श्रीखंड मागून घेतलं. तो घाडी माझ्या समोरच्या पंगतीत बसला होता, मान वर करत नव्हता. मी त्याला आग्रह केला, "जेवा हो, लाजता कशाला?" त्याने माझ्याकडे बघितलं ते मला अजून दिसतं. खंडूने मला पोहायला शिकवलं होतं, दादा. आणि मी त्याच्या मरणावर श्रीखंड खाल्लं.

तर माझ्या वेळी तसं करायचं नाही. लगेच काही मरत नाहीये, घाबरू नको. पण लिहून ठेवते. माझा निरोप आला की तिथल्या तिथे ऐकायचा. ऐकू येत नसेल तर मशीन लावायचं. आणि लुगडं घेऊन तू यायचंस. माहेरचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय बाईला दारातून हलवत नाहीत, आणि माहेरात आता तू एकटा उरलास. दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवायचं नाही, तू स्वतः आणायचं. रंग तू बघ. पांढरं मात्र नको. मी विधवा असले तरी नको. पांढऱ्यात मी आजारी दिसते.

अंदमानचा समुद्र बघून ये आणि मला सांग. टीव्हीवर हिरवा-निळा दाखवतात, तसा खरंच असतो का? वास आपल्यासारखा येतो का? बाबा सांगायचे, तिकडे माणसं पाठवायचे ती परत यायची नाहीत. तू ये.

जानकी

&nbsp;

कांदिवली
१६ जानेवारी

जानके,

मरणाच्या गोष्टी लिहायला तुला बरा कागद मिळतो. छातीत पाणी झालं तर काढतात. आमच्या कारखान्यातल्या एकाचं दोनदा काढलं, अजून बोरिवलीच्या भाजी मार्केटात भांडताना दिसतो. पेज पी आणि गप पड.

लुगडं घेतलं. झालं समाधान? स्टेशनजवळ गेलो, दुकानवाला विचारतो, "काका, घरात कार्य आहे का?" मी म्हटलं बहिणीला पाहिजे. म्हणे, "भाऊबीज होऊन गेली ना?" मी म्हटलं, तू साडी दाखव, कॅलेंडर दाखवू नको. मोरपंखी घेतलंय. काठ बारीक आहेत, तुला मोठे काठ आवडत नाहीत. माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात आहे, त्या नारळवाल्या पँटीच्या खाली. तिथेच पडू दे दहा वर्षं. घरात कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर गंधाली कशाला, कुणाला, कधी विचारत बसेल, वर फोटो काढेल.

रविवारी मुलुंडला यायला निघालो होतो. तर मला बुटांच्या दुकानात नेलं. पाण्यात घालायचे बूट मिळतात, तुला माहीत होतं? आपण अनवाणी पोहलो ते सगळं चुकीचं होतं म्हणायचं. तिथेच संध्याकाळ झाली. अंदमानाहून तीस तारखेला परत आलो की एकतीसला तुझ्याकडे येतो. येतो म्हणजे येतो. कुरकुर नाही.

समुद्राचं बघून सांगतो.

लवू

&nbsp;

हॅवलॉक, अंदमान
२७ जानेवारी

जानके,

घातली. हाफ पँट घातली. आता पुढचं ऐक.

निघतानाच प्रीतमचं काही ठीक नव्हतं. सकाळी आम्ही खाली टॅक्सीत बॅगा ठेवत होतो, तर हा फोन कानाला लावून पार सोसायटीच्या टाकीपर्यंत गेला. परत आला तो डोळे लाल. मी म्हटलं, झोपला नाहीस का? म्हणे, "नाही बाबा, ऑफिसचं टेन्शन." मग गंधालीला बाजूला घेऊन काही बोलला. तिने तोंडावर हात ठेवला. मी म्हटलं, नोकरी गेली वाटतं पोराची. तर म्हणे तसं काही नाही, चला. माझं मशीन त्याने स्वतःच्या खिशात ठेवलं, पाण्यात खराब होईल म्हणाला. विमानात कुठलं पाणी? पण मी वाद घातला नाही. मशीन नसलं की बरं वाटतं, सगळी माणसं शहाणी दिसतात.

पहिल्या बेटावर जेल दाखवला. लोक पैसे देऊन जेल बघायला रांग लावतात. तिथून बोटीने इथे. बोट एसी आहे, खिडक्या बंद, आत गाणी लावतात, आणि माणसं पिशव्यांमध्ये ओकतात. मला काय झालं नाही. मी खाऱ्या वाऱ्यात जन्मलो, ही माणसं एसीत जन्मली.

तू विचारलंस म्हणून समुद्राचं लिहितो. टीव्हीवर दाखवतात ते खरं आहे. कपड्यांना नीळ जास्त झाली की बादलीतलं पाणी जसं दिसतं तसा. पण वास येत नाही गो. जाळ्यांचा नाही, सुकटीचा नाही, काहीच नाही. धुवून वाळत घातलेला समुद्र. काचेच्या बुडाच्या होडीत बसवलं आणि खाली मासे दाखवले. सगळे रंगीत. एकही ओळखीचा नव्हता.

खाण्याचं ऐक. इथे सुरमई चांगली मिळते, पण वर चीज घालून देतात. मी खाल्ली. प्रीतम मात्र तीन दिवस मासळीला हात लावत नाही. पोट बिघडलंय म्हणे. डाळभात खातो आणि माझ्या ताटात सुरमईचा तुकडा वाढत राहतो. माझा हात धरून चालतो. लहानपणी मी त्याचा हात धरायचो तर सोडवून पळायचा. काल एकदम कानाशी येऊन म्हणाला, "बाबा, मजा येतेय ना? खरं सांगा." मी म्हटलं, येतेय रे. तर तो उठून खोलीतच गेला. पोरगा हळवा झालाय, वय होत चाललं त्याचंही.

जान्हवीने मला तो टी शर्ट घालून पाण्यात उभं केलं, हात वर करायला लावले आणि व्हिडिओ काढला. दोनदा. पहिल्यांदा मी हसलो नव्हतो म्हणे. दुसऱ्यांदा हसलो. खोटं कशाला सांगू, हसू आलं.

आणि एक झालं. आज सकाळी सगळे झोपले होते, मी एकटाच पाण्यात गेलो. पाण्याचे बूट न घालता. तिथे एक गोष्ट झाली. ती लिहिणार नाही. लिहून कळायची नाही आणि तू म्हणशील दादा थापा मारतो. एकतीसला समोर बसून सांगतो. तू तेवढी उठून बस.

उद्या तिसऱ्या बेटावर. शंख उचलला तर दंड आहे, त्यामुळे तुला काही आणत नाही.

लवू

&nbsp;

मुलुंड
८ फेब्रुवारी

मामा,

वर नमस्कार लिहिलेला नाही. विसरले नाहीये.

तुमचं हॅवलॉकचं पत्र परवा आलं, आईच्या नावाचं. मी उघडलं, कारण ते उघडणारं आता या घरात दुसरं कुणी नाही. 'जानके' म्हणून सुरुवात. सुरमई, जेल, हाफ पँट. 'एकतीसला समोर बसून सांगतो.' आई चोवीस तारखेला गेली, मामा. तुम्हाला त्याच सकाळी कळवलं. मग सत्तावीसला तुम्ही हे कुणाला लिहिलंत? माझी थट्टा करायची होती की आईची?

जान्हवीचा व्हिडिओ मी तिसऱ्या दिवशी बघितला. तिच्या स्टेटसला होता. मी अस्थी घेऊन आले होते, हात धुतले आणि फोन बघितला तर तुम्ही. पाण्यात हात वर करून हसताय, आणि वळलात की पाठीवर नॉट आऊट.

तुम्हाला कदाचित नीट सांगितलं नसेल, म्हणून काय झालं ते सांगते. पहाटे आई गेली. पहिला फोन मी प्रीतमला केला, माहेरची साडी लागेल तेही सांगितलं. तो रडला, म्हणाला, "बाबांना सांगतो." मग मेसेज आला, 'विमानाची वेळ झालीय, बाबा म्हणतात त्यांच्यासाठी थांबू नका, साडी पाठवतो.' मी तरी थांबवलं सगळ्यांना. माणसं खाली उन्हात उभी. भटजी दोनदा घड्याळ दाखवून गेले. मी म्हटलं, मामा येतील, आईने सांगून ठेवलंय, तो स्वतः आणणार. शेवटी बेल वाजली. डिलिव्हरीवाला होता. पिशवी पुढे केली आणि ओटीपी मागितला.

मामा, आईच्या अंगावर टाकायच्या माहेरच्या साडीसाठी मी दारात उभी राहून ओटीपी सांगितला.

पांढरी साडी होती. किमतीचा कागद तसाच लटकत होता, तो मी दाताने तोडला. तीच घातली. आई रोगाने एवढी सुकली नव्हती, पण त्या साडीत आजारी दिसायला लागली. बायका पण म्हणाल्या.

बाराव्याला तरी याल असं वाटलं होतं. आता पत्र लिहू नका. एवढंच मनात येतं की ते एक विमान चुकलं असतं तर तुमचं काय झालं असतं?

उत्तरा

&nbsp;

कांदिवली
१४ फेब्रुवारी

उत्तरा,

लिहू नको म्हणालीस. हे एक वाच.

मला माहीत नव्हतं.

तुझं पत्र मला दहा तारखेला मिळालं. तोपर्यंत माझ्या हिशेबी जानकी जिवंत होती. परत आल्यावर मी दोनदा विचारलं, हिचं पत्र कसं नाही? प्रीतम म्हणाला, "आत्या गावी गेलीय, उत्तराने हवापालटाला नेलंय." गंधालीने मान हलवली. एकतीसला मी मुलुंडला यायला चप्पल घातली होती. म्हणाले, कशाला जाता, कुलूप असेल. मी चप्पल काढली.

दहा तारखेला पोस्टमन आला तेव्हा मी खाली बाकावर होतो, म्हणून पत्र माझ्या हातात पडलं. तिथेच वाचलं. वर येऊन मशीन लावलं आणि प्रीतम येईपर्यंत बसून राहिलो. आल्यावर त्याच्यापुढे पत्र ठेवलं. वाचलं त्याने.

म्हणाला, "बाबा, बारावं झाल्यावर सांगणारच होतो."

मी म्हटलं, बारावं होऊन गेलं.

"मग हिंमत होईना."

'बाबा म्हणतात थांबू नका' हे कधी म्हणालो मी?

गंधाली मध्ये बोलली, "आम्ही सगळं तुमच्यासाठीच केलं ना बाबा. पंचाहत्तरी एकदाच येते." मी म्हटलं, बहिणीचं मरण किती वेळा येतं गो?

मग प्रीतम म्हणाला, "तुम्हीच सांगितलं होतं, सुतक कळल्यापासून लागतं. तुम्हाला कळूच दिलं नाही, म्हणजे तुम्हाला काही लागलं नाही. जे काय लागलं ते मला लागलं. मी मासे पण खाल्ले नाहीत."

म्हणजे त्याने माझं सुतक स्वतः पाळलं आणि मला सुरमई वाढली. आणि मी बोलणार काय? शब्द माझेच आहेत. मीच ताटावर बसून सुनेला हसत हसत सांगितले होते. खंडूच्या बायकोने तेव्हा मला काय काय म्हटलं असेल, ते आता मला मशीन न लावता ऐकू येतं.

मी विचारलं, पांढरी का पाठवलीस? म्हणे, "आत्या विधवा ना, म्हटलं पांढरीच लागत असेल. लवकर मिळेल ती मागवली."

उत्तरा, लुगडं माझ्या कपाटात होतं. मोरपंखी, बारीक काठाचं. तुझ्या आईने पांढरं नको म्हणून मला लिहिलं होतं. का नको तेही लिहिलं होतं, ते तुला मी सांगत नाही, तुला झोप लागायची नाही. आम्ही बॅगा खाली नेत होतो तेव्हा लुगडं वरच होतं. मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. प्रीतमला माहीत असतं तर निदान तेवढं तरी तिच्यापर्यंत गेलं असतं. ते माझ्यामुळे राहिलं.

दहा तारखेपासून मी सुतक धरलं. लग्न झालेल्या बहिणीचं भावाला तीनच दिवस. मी असलं काही मानत नाही, तुझ्या आईला माहीत होतं. तरी खाली चटईवर झोपलो आणि घरात फोडणी घालू दिली नाही. अकरा तारखेला खरा वाढदिवस. गंधालीने केक सांगून ठेवला होता, तो आला. मी म्हटलं, वर नॉट आऊट लिहिलं असेल तर सुरीने खरवडून काढ. केक फ्रिजमध्ये आहे. कुणी कापत नाही, कुणी टाकत नाही.

विमान चुकलं असतं तर काय झालं असतं विचारलंस. काही नाही. मी हाफ पँट घातली नसती.

माझं काही झालं तर प्रीतमला घाईने कळवू नका. त्याची कुठली तरी तिकिटं काढलेली असतील.

लवूमामा

&nbsp;

मुलुंड
२० फेब्रुवारी

मामा,

साष्टांग नमस्कार. मागचा आणि हा, दोन्ही एकत्र.

तुमचं पत्र वाचून मी त्या दिवशी ऑफिसला गेलेच नाही. मी लिहिलं ते मागे घेता येत नाही, पण तुम्ही फाडून टाका. मला एवढं कसं कळलं नाही? तुम्ही आईला 'थांबू नका' म्हणणारे नाही. तुम्ही तर आई कुठल्याही गाडीतून उतरायची तर टपावर हात ठेवून उभे राहायचात, तिचं डोकं आपटेल म्हणून.

रविवारी प्रीतम आला होता. एकटाच. आईच्या फोटोसमोर बसला, चहा घेतला नाही. म्हणाला, "ताई, मला वाटलं बाबांना एकदा सुखाने कुठेतरी न्यावं. आयुष्यभर त्यांनी कुठेच जाऊ दिलं नाही स्वतःला. परत जमेल न जमेल." मी त्याला खूप बोलले. जे तुम्हाला लिहिलं होतं ते सगळं तोंडावर बोलले. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबांनी मशीन काढून टाकलंय. मी समोर बसून बोलतो, ते माझ्या तोंडाकडे बघत राहतात. मग जेवायला उठतात." मामा, तो चुकला. मी त्याला माफ केलं असं नाही. पण एकदा मशीन लावून त्याचं ऐका. नाहीतर चार शब्द शिव्या तरी घाला. तो शिव्यांची वाट बघतोय.

तुमचं तिथे राहणं नको झालं असेल तर इथे या. आईचा पलंग मी खिडकीशीच ठेवलाय. माझा काही त्रास नाही, मीही फार बोलत नाही.

आणि एक मागते. मोरपंखी लुगडं मला द्याल? वर्षश्राद्धाला मी नेसेन.

आणखी एक. हॅवलॉकच्या पत्रात तुम्ही लिहिलंत, सकाळी पाण्यात एक गोष्ट झाली, आईला समोर बसून सांगणार होतात. शेवटच्या आठवड्यात आई दोनदा म्हणाली होती, "दादा येईल आणि समुद्राचं सांगेल." मला सांगाल का? तिच्या जागी मी बसते. मध्ये बोलणार नाही.

तुमची,
उत्तरा

&nbsp;

कांदिवली
२५ फेब्रुवारी

उत्तरा,

माफी मागू नको. तुझं पत्र फाडलेलं नाही, फाडणार नाही.

मी राहायला येणार नाही. माझं घर आहे हे. पार्ल्याच्या पगारातून घेतलंय, कुणाच्या चुकीने मी ते सोडायचं नाही. ज्याला माझ्या तोंडाकडे बघवत नसेल त्याने दुसरीकडे बघावं.

मशीन लावणार नाही. लावलं तर तो माफी मागणार, मागितली तर मला काहीतरी म्हणावं लागणार. बरं म्हटलं तर जानकीशी खोटं, नाही म्हटलं तर त्याच्या पोरीसमोर तमाशा. जान्हवीला यातलं काही माहीत नव्हतं. तिने तो व्हिडिओ काढून टाकला आणि माझ्या दाराशी उभी राहून रडली. तिला मी जवळ घेतलं. बाकी कुणाला नाही. शिव्यांची वाट बघतोय म्हणालीस. बघू दे. मीही जानकीच्या पत्राची वाट बघितली.

लुगडं तुला देणार नाही. ते तुझ्या आईचं आहे. रविवारी ते घेऊन येतो. कुणाच्या हाती पाठवत नाही, तिने तसं लिहिलं होतं. एकटा येतो, जान्हवीसुद्धा नको. तू पलंगावरची चादर काढून ठेव. लुगडं पलंगावर पसरतो, थोडा बसतो आणि उठतो. नंतर ते तिथून काढून कपाटात टाक, नाहीतर कुणाला दे, नाहीतर नेस. तेव्हा मी नसेन, मला काय त्याचं?

चहा ठेव, साखर कमी. बोलायला लावू नको.

पाण्यातली गोष्ट विचारलीस. ती जानकीसाठी होती. तुला सांगणार नाही, प्रीतमला नाही, कुणालाच नाही. पुन्हा विचारू नको. यापुढे मी काही सांगणार नाही.

लवूमामा